रोटाचे दिवस

माझ्या जेवणात कोणीतरी काहीतरी कालवतंय, असं तुम्ही म्हणालात तर घरचे म्हणतील, मीठ जास्त पडलं असेल. मी म्हणालो तर माझी रवानगी सरळ दवाखान्यात. म्हणून मी तोंड उघडलं नाही. पण कोणीतरी कालवत होतं, हे मला पक्कं वाटत होतं.

मी संजू. गाव शिंदखेड्याकडचं, पोट सिल्वासाजवळच्या राखोलीतलं. इथल्या धाग्याच्या कंपनीत मशीनवर आहे. माझ्या आजारात माणूस कधी उगाच हवेत असतो, कधी उगाच अंथरुणाला खिळतो. डॉक्टर त्याला बायपोलर म्हणतात, चाळीतले म्हणतात संजूचं मधूनमधून सटकतं. त्यांचंही चूक नाही. एकदा मी दमणगंगेच्या पुलावर नुसत्या चड्डीवर उभा राहून ट्रकांना हात दाखवत होतो, कोणी थांबायचं, कोणी जायचं. माय आली आणि मला मनगटाला धरून घरी घेऊन गेली. मला ते धड आठवत नाही. मायला मात्र रोज आठवतं.

तेव्हा मला गोळ्या होत्या. पण आमची पाळी दर आठवड्याला बदलते. रातपाळीला गोळी घेऊन गेलं की मशीनवर डुलक्या. मग गोळी खिशात आणि घरी थाप, की घेतली. त्या थापांचं पुढे काय झालं ते पुलावर सगळ्यांनी पाहिलंच. मग सिल्वासाच्या डॉक्टर मॅडमनी इंजेक्शन सुचवलं. महिन्यातून एकदा कमरेत टोचायचं, औषध आतल्या आत हळूहळू सुटत राहतं. मला ते फार मानवलं. गोळी घेतली का म्हणून कोणी विचारत नाही, जीभ वर करायला लावून तोंडात डोकावत नाही. माझी बायको सोनी, तिचीही रोजची पहारेदारी सुटली. मायला तेवढं पटलं नाही. "एवढी मोठी बिमारी आणि एक सुई," इतकंच बोलली आणि गप्प बसली. आमची माय गप्प बसली की समजायचं, विषय अजून संपलेला नाही.

पावसाळा लागला आणि माझे हात थरथरायला लागले. जबडा आखडायचा, पाय एका जागी ठरायचे नाहीत, सकाळी उशी लाळेने ओली. आमच्या कामात धागा मशीनच्या बारीक भोकातून ओवायचा असतो. तिथे असले हात काय कामाचे? कल्पेशभाई आमचा सुपरवायझर, माणूस वाईट नाही. त्याने दोन-तीनदा बघितलं आणि म्हणाला, "संजू, थोडा दिवस पॅकिंगमां जा ने." पॅकिंगवाले सगळे ठेकेदाराचे, आज आहेत, उद्या नाहीत.

मॅडमनी विचारलं, दुसरं काही औषध चालू आहे का? मी ठामपणे नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग इंजेक्शनच जड जात असेल. पुढच्या तारखेपर्यंत असंच राहिलं तर ते बंद करू आणि परत गोळ्या बघू." परत गोळ्या म्हणजे परत खिसा आणि परत पूल. इंजेक्शन गेलं की मशीन गेलं, हे मी घरी येईपर्यंत मनात घोळवत राहिलो.

त्याच आठवड्यात पहिल्यांदा लक्षात आलं, वरण कडू लागतंय. फार नाही, मागून जिभेवर राहील इतकं. मी सोनीच्या ताटातलं बोट लावून चाटलं तर ते चांगलं होतं. झालं, संशय बायकोवर. ती भांडी घासताना मी दारात, ती फोनवर बोलताना मी मागे. ती म्हणाली, "गुड्डीचे पप्पा, काय बघताय?" मी म्हटलं, काही नाही. तेव्हा तिने माझ्याकडे जी नजर टाकली, ती माझ्या ओळखीची. पुलाच्या प्रकारानंतर अख्खी चाळ माझ्याकडे तशीच बघायची.

मग मी माझ्यावरच संशय घेतला. आजार उसळला की माणसाला जेवणात विष आहे असंही वाटू शकतं, हे मॅडमनी आधीच समजावलं होतं. आता वरण कडू की माझं डोकं कडू, हे ठरवायचं कोणी? ज्याने ठरवायचं त्याचंच डोकं नासकं असेल तर? मी निमूटपणे वाटी रिकामी करायचो आणि रात्रभर पाय हलवत पडायचो. इतका एकटा मी पुलावरही नव्हतो.

श्रावणात कानबाई आली. कानबाई ही आम्हा खानदेशी लोकांची देवी, रविवारी बसवायची, सोमवारी वाजतगाजत नदीवर न्यायची. तिचे रोट असतात, कणकेच्या जाडजूड पोळ्या. रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला त्यातला घास द्यायचा नाही, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. राखोलीत आमचे भाऊबंद ते किती? म्हणून सकाळ-संध्याकाळ रोटच, बरोबर खीर. वरणाचं नाव नाही.

पौर्णिमा जवळ आली तेव्हाची गोष्ट. सोनी गुड्डीच्या फ्रॉकला बटण लावत बसली होती आणि तिला सुईत दोरा ओवता येईना. मी म्हटलं, आण इकडे. आणि ओवला. एका झटक्यात. मी माझ्या हाताकडे बघत राहिलो. हात शांत होता, जबडाही मोकळा होता. इंजेक्शन तेच, मी तोच. बदललं होतं ते फक्त ताट.

रोटात कोणी काही कालवत नव्हतं. सोनी असती तर तिने रोटातही कालवलं असतं, ती नैवेद्याआधी खीर चाखून बघणारी बाई. देवीच्या अन्नाला हात लावायला घाबरेल असं आमच्या घरात एकच माणूस आहे. ते मला जेवायला वाढतं आणि मी शेवटचा घास खाईपर्यंत समोरून हलत नाही.

रोट संपले, वरण परत आलं, दोन-चार दिवसांत हातही परत थरथरू लागले. इंजेक्शनच्या आदल्या दिवशी मला सुट्टी होती. दुपारी सगळे जेवायला बसलो. मायने मला वाढलं, वरण कडूच होतं. गुड्डीला माझ्या ताटातला घास लागतो, त्याशिवाय ती जेवायला सुरुवात करत नाही. इतके दिवस मी तिला कोरडी भाकरीच देत होतो. त्या दिवशी वरणात भाकरी कुस्करली, घास केला आणि तिच्या तोंडापाशी नेला. हात मी मध्येच थांबवणार होतो, बाप आहे मी तिचा. माझी नजर पोरीवर नव्हतीच, मायवर होती.

मायने तो घास माझ्या हातातून उडवला. भिंतीवर जाऊन पडला. गुड्डीने भोकाड पसरलं आणि सोनीचा हात ताटातच राहिला.

"कडू आहे ना माय?" मी विचारलं.

माय उठली, देव्हाऱ्यामागून कुंकवाची जुनी डबी काढून माझ्यापुढे ठेवली. आत माझ्या जुन्या गोळ्या होत्या, ज्या मी फेकून दे म्हणालो होतो.

"एक सुई महिनाभर पुरस का रे?" ती म्हणाली. "भूक काय महिनामा एकदाच लागस? डोळा लागला की तू पुलावर दिसस. मी दुसरं काय करू?"

मला भयंकर राग आला. ताट भिरकावून द्यावंसं वाटलं. "माय, माझे हात गेले असते," मी म्हटलं. "मशीन गेलं असतं. पावसाळाभर मी स्वतःला येडा समजत होतो." ती पदराने डोळे पुसत होती, पण मी तिला समजावलं नाही. "उद्या तू दवाखान्यात येशील. मॅडमना तूच सांगशील. मी सांगितलं तर कोण ऐकणार माझं?"

मायने मानेनेच हो म्हटलं.

"मला तरी सांगायचं," सोनी मला म्हणाली.

"सांगितलं असतं तर खरं मानलं असतंस?"

ती भिंतीवरचा घास पुसायला उठली.

आणि मला हसू आलं. वरण कडू होतं, डोकं नव्हतं. माझा संशय खरा निघाला होता, याचा अर्थ मी ठणठणीत होतो, इतके दिवस चांगला ठणठणीत होतो. मी मोठ्याने हसलो, पोट धरून हसलो, डोळ्यांत पाणी आलं. गुड्डीही रडायचं विसरून माझ्याबरोबर हसायला लागली.

मग माझं लक्ष गेलं. माय आणि सोनी हसत नव्हत्या. त्या आधी एकमेकींकडे बघत होत्या, मग दोघी माझ्याकडे बघायला लागल्या, त्याच ओळखीच्या नजरेने.

मी हसणं आवरलं. पाणी प्यायलो आणि उरलेली भाकरी मिठाशी खाल्ली.