दुपारी चारचा नंबर

कुठेही गेलो तरी पहिला नंबर माझा. बँक असो, वीजबिल असो, केस कापायचं दुकान असो, शटर वर जायच्या आधी मी दारात हजर. यात मिरवण्यासारखं काही नाही असं बायको म्हणते. मी मिरवतो.

माझा धंदा कवळ्यांचा. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात. मी घराच्या मागच्या खोलीत प्लास्टरच्या साच्यावर मेणाच्या हिरड्या चढवतो, त्यात दात बसवतो आणि मग मेणाच्या जागी पक्का गुलाबी मसाला भरतो. चाळीस वर्षं झाली. माणसाच्या तोंडात मात्र मी कधी डोकावलो नाही. ती डॉक्टरांची हद्द.

बायकोला अकरा वर्षांपासून संधिवात आहे. वयाने होतो तो नव्हे, शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं तो. आधी बोटं धरली, मग मनगटं, आणि यंदा कानापुढचा जबड्याचा सांधा. त्यातच खालची उजवी दाढ ठणकायला लागली. डावीकडच्या दोन आधीच काढलेल्या, म्हणजे चावायला उरलेली हीच बाजू. माझं काम नेहमी ज्यांच्याकडे जातं त्या डॉक्टरीणबाईंकडे मी ताबडतोब नंबर लावला. सकाळी नऊचा, अर्थातच पहिला.

नऊ वाजता बायकोचं तोंड उघडलं जेमतेम दीड बोट.

"काकू, अजून थोडं."

"एवढंच आहे," ती फटीतून म्हणाली.

पुढच्या आठवड्यात पुन्हा नऊ वाजता गेलो, पुन्हा दीड बोट. तिसऱ्या खेपेला तर एकच. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. "काका, दाढेची मुळं साफ करायची तर औजार आत जायला हवं. ते जातच नाही. मोठ्या दवाखान्यात भूल देऊन दाढ काढावी लागेल. शेजारच्या दोघींच्या हिरड्याही सुटल्या आहेत. त्या किती टिकतील, सांगता येत नाही."

म्हणजे कवळी. आणि बायकोने मला पूर्वीच बजावून ठेवलं होतं, "आयत्या दातांनी मी हसणार नाही." तिचं हसू तीन घरं पलीकडे ऐकू जायचं. खरं सांगतो, मी त्या हसण्यावरच भाळलो होतो. हल्ली ती हसायची ते तोंडावर हात ठेवून, चोरी केल्यासारखी.

तरी मी घाई केलीच. डावीकडच्या दाढा काढल्या तेव्हाचा तिच्या तोंडाचा साचा फळीवर होता. तो उतरवला, त्यावरच्या उजवीकडच्या तिन्ही दाढा पातीने खरवडून काढल्या आणि मेणात नवे दात बसवायला घेतले. वेळ आली तर तयार असावं, एवढाच हेतू. काम झकास जमलं होतं. साच्याच्या तळाला तिचं नाव लिहिलेलं होतं, तेवढं खोडायचं राहिलं.

एका दुपारी ती चहा घेऊन मागच्या खोलीत आली. साचा उचलला, उलटा केला, नाव वाचलं.

"हे माझे दात? अजून माझ्या तोंडात आहेत, आणि तुम्ही इथे खरवडून मोकळे झालात? विचारलंत मला? सगळीकडे पहिला नंबर, आता माझे दात पाडण्यातही?"

ती आणखी बरंच काही बोलली. त्यातलं निम्मं मला ऐकूच आलं नाही. मी बघत होतो. तिच्या तोंडात पार शेवटपर्यंत उजेड पडला होता. ती दाढ, तिची मागची हिरडी, सगळं स्वच्छ दिसत होतं.

"तोंड मिटू नकोस!" मी ओरडलो.

छत्तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदाच उच्चारलं. ती इतकी चकित झाली की तोंड तसंच उघडं राहिलं. मी तीन बोटं उभी धरून आत घातली. आरामात मावली.

"हात धुतलेत का?" तिने बोटांच्या आडून विचारलं. धुतले नव्हते.

"अगं, किती उघडलंय तोंड! सकाळी काय झालं होतं?"

"सकाळी जबड्याचा दगड झालेला असतो. शेकून, दोन कामं करून चारपर्यंत सैल होतो. तीनदा म्हटलं तुम्हाला, दुपारचा नंबर घ्या. तुम्ही म्हणालात, दुपारी गर्दी असते."

मला फार लाज वाटली. मी तसाच फोन केला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, हे मीही विचारायला हवं होतं. उद्या चारला आणा."

दुसऱ्या दिवशी आमचा नंबर सातवा होता. मी बाकावर हूं की चूं न करता बसलो. डॉक्टरीणबाईंनी दातांमध्ये रबराचा छोटा टेकू ठेवला, म्हणजे जबड्यावर ताण नको. पाच मिनिटं काम, दोन मिनिटं विश्रांती, असं करत तीन खेपांत दाढेची मुळं साफ झाली. दाढ जागेवर राहिली.

"आता शेजारच्या दोघी," त्या म्हणाल्या. "काकू, ब्रश कसा धरता दाखवा." बायकोने दाखवला. बारीक दांडा तिच्या वाकड्या बोटांतून सुटून खाली पडला. वर्षभर ती ब्रश नुसता फिरवत होती, आणि मी, दातांवर जगणारा माणूस, ते पाहिलंही नव्हतं.

घरी आल्यावर मी साच्यावरचे दात एकेक करून काढले, डबीत टाकले आणि मेण कोमट केलं. ब्रशच्या दांड्याभोवती त्याचा गोळा लावून तिच्यासमोर धरला. "दाब. तुला जमेल तसं."

तिने दाबला. मेणात चार खळगे उमटले, एकही सरळ नाही. अकरा वर्षं मी ती बोटं रोज बघत होतो. केवढी वळली आहेत हे त्या मेणात कळलं. माझे डोळे भरून आले. "गाल पुसा, मेणात पडेल," ती म्हणाली.

त्याच मापाची ब्रशची मूठ मी कवळीच्या गुलाबी मसाल्यात घडवली. आज तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी शेजारच्या दोघी हलवून बघितल्या. हलल्या नाहीत.

घरी येऊन बायकोने ती दातांची डबी माझ्या हातात दिली. "नीट ठेवा. तुमच्या तोंडाच्या मापाचं बघा काहीतरी," ती म्हणाली आणि हसली. तीन घरं पलीकडे ऐकू गेलं असेल. तिचा हात तोंडाकडे गेला नाही. तीन बोटं सहज मावली असती, पण मी घातली नाहीत. हात धुतलेले नव्हते.