जाड तेल

हणमंतरावांनी बॉनेट उघडून तेलाची पट्टी बाहेर ओढली, फडक्यानं पुसली, पुन्हा आत घालून काढली आणि उन्हाकडे धरली. टोकावरच्या, पातळी दाखवणाऱ्या दोन खुणा काही केल्या दिसेनात. मग त्यांनी तेलाचा थेंब अंगठा आणि तर्जनीत घेऊन चोळला. नवं तेल, आणि काकवीसारखं जाड. तिथेच त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

संशय गाडी चालू केल्याबरोबरच आला होता. जुनं इंजिन, सकाळी टकटक केल्याशिवाय ते कधी जागं होत नसे. आज ते कसं गुपचूप, मांजराच्या पावलांनी चालत होतं.

"प्रदीप!"

चामराजपेटेतल्या त्या गल्लीत समोरच्या घराची खिडकी उघडली. मुलगा, प्रदीपकुमार, दात घासत घासतच बाहेर आला.

"तेल कुणी बदललं?"

"काल दामोदरच्या गॅरेजात नेली होती, अप्पा. स्वल्प जाड तेल घातलं. आवाज बसतो त्यानं. आज बघायला येणार आहेत ना गाडी?"

"गाडीच्या पुस्तकात पातळ, टेन-थर्टी तेल लिहिलंय. तू ट्वेंटी-फिफ्टी कोंबलंस! थंडीत सकाळी हे वर चढेपर्यंत इंजिन कोरडंच घासणार. घेणारा बिचारा चार महिने खूश, मग बसला गॅरेजच्या पायऱ्या झिजवत."

"सगळेच करतात, अप्पा. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ झाकायची ती आपली. दुसऱ्याच्या डोळ्यांत धूळ फेकायला नव्हे!"

गाडी विकायचं घरात ठरून गेलं होतं. आधी हणमंतरावांनी गेटचा खांब ठोकला. मग इंदिरानगरच्या सिग्नलला लाल दिवा त्यांना दिसलाच नाही आणि एक स्कूटरवाली बाई नशिबानं वाचली. डोळ्यांच्या डॉक्टरनं चष्म्याचा उपयोग नाही म्हणून सांगितलं. त्या दिवसापासून भागीरथीबाई नवऱ्याच्या गाडीत बसल्या नाहीत. "सरी, बरं, विकून टाका," असं हणमंतराव म्हणाले खरे, पण ते तोंडानं. मनातून त्यांनी गाडीची किल्ली अजून कुणाला दिलेली नव्हती.

त्यांनी प्रदीपला कपडेसुद्धा बदलू दिले नाहीत. तशीच गाडी गॅरेजला न्यायला लावली आणि दामोदरला चार लोकांत झाडलं. एवढी वर्षं या गाडीला हात लावतोस, तुझ्या हाताला लाज कशी वाटली नाही? मुलगा सांगेल ते ओतशील? उद्या तो रॉकेल ओत म्हणेल!

दामोदर मान खाली घालून नट सोडत म्हणाला, "अण्णा, बदलतो. पण आवाज परत येईल बघा."

"येऊ दे!" हणमंतराव म्हणाले. रागाच्या मानानं तो शब्द जरा खुशीतच निघाला.

दुपारी उल्का आली. मूळची नागपूरची, सर्जापूर रोडला कुठल्याशा कंपनीत नोकरी. मराठी मंडळाच्या ग्रुपवर तिनं गाडीचं वाचलं होतं. आईचे गुडघे गेले होते आणि ऑटोत चढता येत नव्हतं, म्हणून तिला गाडी हवी होती. हणमंतरावांनी तिला खुर्चीसुद्धा दिली नाही. सरळ इंजिन चालू केलं.

"ऐकलंस? टकटक. ही जायची नाही."

"बरं, काका."

"चढावर एसी बंद करावा लागतो. मागची डावी काच अर्ध्यावर अडकते. आणि हा पोचा, हा मी पाडलाय. गेटच्या खांबाची काही चूक नव्हती."

तिनं विचारलेलं नसतानाही ते सांगत सुटले. पावसात डिकीत पाणी येतं. रिव्हर्स एका दमात पडत नाही. सांगता सांगता आवाज चढत गेला. जगात आता कुणी खरं म्हणून बोलत नाही, माणसं इंजिनालासुद्धा खोटं बोलायला शिकवतात, असं ते म्हणाले आणि प्रदीपकडे असं बघितलं की तो घरात निघून गेला. पोरगी पळाली की सुंठीवाचून खोकला जाईल, असलं काही आपल्या मनात नाही, हे त्यांनी स्वतःला बजावलं. दोनदा बजावावं लागलं.

भागीरथीबाई कॉफी घेऊन दारात उभ्या होत्या. त्या गाडीकडे बघत नव्हत्या, नवऱ्याकडे बघत होत्या.

उल्का वाकून बराच वेळ इंजिन ऐकत राहिली. मग सरळ उभी राहिली.

"काका, मी याआधी तीन गाड्या बघितल्या. तिन्ही म्हणे एकदम सायलेंट. मग माझ्या मेकॅनिकनं सांगितलं, मॅडम, नुसतं जाड तेल भरलंय. इतका संताप आला ना मला! खरं सांगणारे तुम्ही पहिलेच. फायनल, काका. हीच घेते मी."

 आणखी एखादा दोष आठवतो का म्हणून हणमंतरावांनी गाडीला एक फेरी मारली. टायर नवे होते. दिवे लागत होते. बॅटरी त्यांनी दिवाळीलाच बदलली होती, स्वतः उभं राहून. आयुष्यभर गाडी नीट ठेवल्याचा त्यांना पहिल्यांदाच राग आला.

"अजून काही सांगायचं राहिलंय का?" भागीरथीबाईंनी विचारलं. आवाजात टोमणा नव्हता, म्हणून प्रश्न जास्तच लागला.

"राहिलंय," ते म्हणाले. त्यांनी इंजिन बंद केलं, किल्ली काढून मुठीत धरली आणि उल्काला जवळ बोलावलं. "तेल बघता येतं?"

"नाही हो. ते मेकॅनिकच बघतो."

"मेकॅनिक! म्हणूनच फसवतात तुम्हाला. कुणी काही म्हणो, टेन-थर्टीच घालायचं. आणि आठवड्याला आपल्या डोळ्यांनी बघायचं. थांब जरा, तेल खाली बसू दे."

तोवर सगळ्यांची कॉफी पिऊन झाली. मग त्यांनी पट्टी ओढायला लावली, फडक्यानं पुसायला लावली, पुन्हा आत घालून काढायला लावली. तिनं पट्टी त्यांच्यापुढे धरली. नवं तेल पातळ, फिकं. उन्हात नुसतं चमकत होतं.

"मला काय दाखवतेस? तू सांग," ते मास्तरासारखे खेकसले. "कुठवर आहे?"

"वरच्या खुणेच्या किंचित खाली."

भागीरथीबाईंनी चटकन दुसरीकडे मान वळवली.

"बरोबर," हणमंतराव म्हणाले आणि मूठ उघडून त्यांनी किल्ली पुढे केली.