सेकंदाला ऐंशी वेळा

ध्रुवाजवळच्या या वेधशाळेत माझ्या भाचीने तीन हिवाळे ध्रुवीय प्रकाशाची लुकलुक मोजली, आणि आज साहेबांनी एका वाक्यात तिची वाट लावली.

"सेकंदाला ऐंशी वेळा? हा आकाशातला उजेड नव्हे, दारातल्या दिव्याची फडफड आहे. उद्यापर्यंत पुरावा द्या, नाहीतर सगळं रद्द."

दारातला दिवा मी दुरुस्त केलेला. इथली वायरमन मीच. काम शिकले ते शॉक खात खात. त्यात ट्यूबचा चोक जुनाच बसवला होता, आणि जुन्या चोकवर उजेड फडफडू शकतो.

"मावशी, दिवा नीट आहे ना?"

"बाई गं, शपथेवर नाही सांगता येणार."

ती कॅमेरा आवरायला लागली. चिडली असती तर बरं वाटलं असतं.

"तुझा कॅमेरा बॅटरीवर चालतो ना? मग अख्ख्या इमारतीचा मेन स्विच पाडते. दिवाच नसला, तर फडफडेल काय?"

"माझं सूप!" आचारी आतून ओरडला.

"कच्चं खाऊ!" म्हणत मी खटका पाडला.

चाचपडत गच्चीवर गेलो. मागून साहेब कुरकुरत आले आणि मान वर करून उभेच राहिले. डोक्यावर हिरवा उजेड उकळत होता, आणि त्यात जागोजागी ठिपके थरथरत होते. मी थंडी विसरले.

"कोण हलवतंय गं हे?"

"वरून इलेक्ट्रॉन कोसळतात, हवेवर आदळले की उजेड पडतो," भाची कुजबुजली. "पण हजारो किलोमीटर वर विजेच्या लाटा असतात. त्या ढकलतात म्हणून इलेक्ट्रॉन सलग न येता झुंडीझुंडीने येतात. ऑक्सिजनचे भारित कण जड, सावकाश गिरक्या घेतात. त्या गिरक्यांच्या ठेक्यावर उठणाऱ्या लाटेची लुकलुक डोळ्यांना दिसते. हायड्रोजनचे हलके, भिंगरीसारखे. त्यांची लुकलुक फक्त कॅमेऱ्याला कळते."

"म्हणजे जाडा मामा आणि बारकी भाची."

"हो. आणि सगळे मामाचंच खरं मानतात."

साहेब खाकरले.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर आलेख सरकू लागला. सेकंदाला दहापाशी ठसठशीत उंचवटा. तो मामा. पुढे सपाट. आणखी सपाट. भाचीची बोटं माझ्या दंडात रुतली.

मग ऐंशीपाशी, एवढासा, सुईच्या टोकासारखा, उंचवटा उभा राहिला.

खाली सगळीकडे काळोख होता. माझा दिवा मेलेला होता. आणि वर कुणीतरी एवढंसं, अणूहून हलकं, गरगर फिरत अख्खं आभाळ थरथरवत होतं.

भाची रडत होती की हसत होती, अंधारात कळेना. मी नाक पुसलं आणि जिन्याकडे वळले.

"लावते मेन. सूप तरी शिजू दे."

"थांबा हो," साहेब वर बघतच म्हणाले. "घाई काय आहे?"