फवारणी पंपाचा सेल

मी उंद्रीत फवारणीचे बॅटरीपंप दुरुस्त करतो. दुपारी मावसभाऊ प्रसेनजित दुकानात आला. हातात व्हेप, म्हणजे बॅटरीवरची सिगारेट, नाकातोंडातून धूर.

"दादा, तुया भंगाराच्या डब्यातले दोन सेल नेले होते. यात सेल अन् नवी कॉइल टाकून साठ वॅटवर लावलं, तं लई धूर निघते!"

पंपाचा सेल हळूहळू करंट द्यायला बनवलेला असतो. व्हेपमधली ही तापणारी तार, कॉइल, एका दमात सगळा ओढते. सेल तापतो, फुटतो. आणि डब्यातले तर मी फुगलेले म्हणूनच काढून टाकले होते.

"अक्कल हाये का तुले? ठेव ते खाली!"

"काऊन? थोडंसंच तं गरम हाये."

मी ते हिसकावलं. तळहाताला चटका बसला. समोरच्या वाळूच्या ढिगात फेकलं आणि त्याला ओढत भिंतीआड नेलं. वाळूतून शिट्टीसारखा आवाज आला, मग जाळ. प्रसेनजितचं तोंड पांढरंफटक पडलं.

"यात एकच सेल बसते ना?" मी विचारलं. "दुसरा कुठं हाये?"

त्याने पॅंटचा खिसा चाचपला. आत सेलसोबत गाडीच्या चाब्या खुळखुळल्या; धातू दोन्ही टोकांना टेकला की सेल शॉर्ट होतो.

"दादा," तो म्हणाला, "हा बी गरम लागून राह्यला."