अकरा वाजून दहा मिनिटं

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी कुमागाई-सेन्सेईंनी फळ्यावर घड्याळ काढलं आणि काटे चुकवले.

वर्ग जपानमधल्या सेंदाईच्या मेडिकल कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाचा होता. स्मृतिभ्रंश ओळखायची ही जुनी, साधी चाचणी. माणसाच्या हातात कागद द्यायचा, घड्याळ काढायला सांगायचं आणि म्हणायचं, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. मेंदू थकायला लागलेला माणूस मोठा काटा दोनवर नेण्याऐवजी सरळ दहाच्या आकड्यावर नेतो, कारण कानावर 'दहा' पडलेलं असतं. सेन्सेई, म्हणजे सर, हे दरवर्षी शिकवत. आधी बरोबर घड्याळ काढायचं, मग शेजारी रुग्णाचं. कश्मिरा साठे सहा वर्षं त्यांची मदतनीस म्हणून मागच्या बाकावर बसत होती. त्यांचे विनोद कुठे येणार हेसुद्धा तिला पाठ होतं.

त्या दिवशी पहिल्याच घड्याळात छोटा काटा अकरावर गेला आणि मोठा दहावर. सेन्सेई एक पाऊल मागे सरले. काहीतरी खटकतंय, पण काय ते सापडत नाही, असा चेहरा करून ते फळ्याकडे पाहत राहिले. मग मुलांकडे वळून हसले.

"रुग्ण असं काढतो."

मुलंही हसली. त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. सेन्सेईंनी फळा पुसला. बरोबर घड्याळ त्यांनी काढलंच नाही.

हा विनोद कश्मिराला पाठ नव्हता.

पुण्याहून पीएचडीसाठी सेंदाईला आली तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती आणि तिला धड जपानी येत नव्हती. परदेशी माणसाला घर द्यायला कुणी तयार होईना, तेव्हा सेन्सेई स्वतः जामीन राहिले होते. २०११च्या मोठ्या भूकंपाच्या वर्षी हाच माणूस दोन महिने सायकलवरून शाळांमधल्या निवाऱ्यांत फिरला होता. तिथे बिथरलेल्या म्हाताऱ्यांना त्यांची औषधं हातात नेऊन देत होता. त्यानंतर त्यांनी एकच ध्यास घेतला. नुसत्या रक्ताच्या तपासणीतून हा आजार वेळेत पकडायचा. 'लवकर' हा त्यांचा आवडता शब्द होता. आणि आता तर नवं औषध येऊ घातलं होतं. ते आजार बरा करत नव्हतं, उतार थोडा मंद करत होतं. पण ते अगदी सुरुवातीच्या रुग्णांनाच मिळणार होतं. तीस गुणांच्या चाचणीत बावीसच्या खाली घसरलात, की दार बंद.

सेन्सेई त्रेसष्ट वर्षांचे होते.

दुसऱ्याच दिवशी कश्मिरा त्सुचिया-सानांकडे गेली. ते लॅबमधले सेन्सेईंच्या खालोखालचे प्रोफेसर. तिचं बोलणं निम्म्यावर आलं तेव्हा त्यांनी उठून दार लावलं.

"आणखी कुणाला बोललात हे?"

"नाही."

"मलाही दिसतंय," ते म्हणाले. "उन्हाळ्यापासून दिसतंय."

त्यांनी तिला बसायची खूण केली.

"येत्या नव्हे, त्याच्या पुढच्या जानेवारीत ग्रँटची पाहणी आहे, साठे-सान. सगळं सेन्सेईंच्या नावावर आहे. नाव गेलं तर लॅब गेली. बारा माणसं आहेत इथे. त्यात तुम्हीही आहात."

"पण औषध लवकर सुरू झालं तर…"

"औषधानं बरे होणार आहेत का?"

"नाही. पण थोडा वेळ मिळतो. आपणच लोकांना हे सांगतो ना?"

"आपल्यालाही थोडाच वेळ हवाय," त्सुचिया-सान म्हणाले. "जानेवारी झाली की मी स्वतः त्यांच्या पत्नीशी बोलेन. तोवर सेन्सेईंचा मान सांभाळणं हे आपलं काम."

घरी तिने रणजितला सांगितलं. तिचा नवरा एका सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि आठवड्यातले चार दिवस घरूनच काम करत असे. लॅपटॉपवरून मान न काढता त्याने विचारलं, "टेस्ट केलीस?"

"नाही."

"मग डायग्नोसिस कसलं करतेस? तू त्यांची डॉक्टर आहेस का? कुणी विचारलं तर सांग. आपण होऊन विंचवाच्या बिळात हात कशाला घालायचा?"

हे तिला पटलं. खरं म्हणजे पटवून घ्यायला ती एका पायावर तयार होती. कुणी विचारलं, तर सांगायचं.

त्यानंतर सेन्सेईंची सावली व्हायचं काम तिच्याकडे आलं. कुणी सोपवलं नाही, पण आलं. त्यांच्या स्लाइड्स ती करायची. मीटिंगला शेजारी बसून समोरच्याचं नाव कागदाच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात लिहून ठेवायची. ते एकच प्रश्न दुसऱ्यांदा विचारू लागले, की आपणच काही विसरल्यासारखं करून ती उत्तर पुन्हा द्यायची. महिन्याभरात तिचा हात इतका बसला, की बाहेरच्या माणसाला काही कळेना. लॅबमधल्या लोकांना कळत होतं, पण तेही बोलत नव्हते. सगळ्यांच्या वागण्याला एकच नाव होतं, आदर.

जूनमध्ये एका दुपारी सेन्सेई तिच्या टेबलापाशी आले. पांढऱ्या कोटाच्या खिशातून त्यांनी रक्ताची एक नळी काढली.

"पुढच्या बॅचमध्ये ही टाक. नाव लिहू नकोस."

"कुणाची आहे?"

"एका म्हाताऱ्याची." ते हसले, मग हसू ओसरलं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "साठे-सान, माझ्यात काही बदल दिसतोय का तुला? खरं सांग."

विचारलं होतं. इतकं सरळ तर या देशात कुणी कुणाला विचारत नाही.

"तुम्ही दमलाय, सेन्सेई," कश्मिरा म्हणाली. "झोप पुरत नाहीये तुम्हाला."

"मलाही तसंच वाटतं," ते म्हणाले. त्यांचे खांदे सैल पडले. जाताना त्यांनी तिला मान लववली.

ती नळी तिने त्सुचिया-सानांना दाखवली. त्यांनी हातात घेतली नाही. "आत्ता नको. आकडा आला की तो कुठेतरी नोंदला जातो." मग तिने रक्तातला प्लाझ्मा वेगळा करून फ्रीझरच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवून दिलं. आता मात्र सेन्सेईंनी रिपोर्ट मागितला, की सगळं सांगून टाकायचं, असं तिने मनाशी घट्ट ठरवलं.

पहिले आठ-दहा दिवस पॅसेजमध्ये त्यांची पावलं वाजली की ती हातातलं काम थांबवून वाट बघे. ते आत येत, हवापाण्याचं बोलत, निघून जात. पंधरवडा गेला, महिना गेला, त्यांनी विचारलं नाही. मग तिच्या लक्षात आलं, ते विसरले आहेत. आणि तिला हायसं वाटलं. ही गोष्ट ती पुढे कुणालाही, रणजितलासुद्धा, सांगू शकली नाही.

जानेवारीत पाहणीची समिती आली. सेन्सेईंनी भाषण छान वाचलं. शेवटी एका बाईंनी विचारलं, "या तपासणीचा सामान्य कुटुंबाला नेमका काय फायदा?" सेन्सेईंनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.  त्यांनी कश्मिराकडे पाहिलं. गर्दीत आईचा हात सुटलेल्या पोराची नजर होती ती. कश्मिरा उठली.

"सेन्सेई आम्हाला नेहमी सांगतात," ती म्हणाली, "की घरच्यांच्या हाताशी वेळ असला पाहिजे."

उत्तर सगळ्यांना आवडलं. पाच वर्षांची ग्रँट मिळाली.

त्सुचिया-सान सेन्सेईंच्या पत्नीशी बोलणार होते, पण तशी वेळच आली नाही. फेब्रुवारीत एका सकाळी सेन्सेई कामाला निघाले, सबवेत बसले आणि उतरायचं विसरून पार शेवटच्या स्टेशनला, तोमिझावाला पोचले. तिथल्या बाकावर ते दुपारपर्यंत बसून होते. स्टेशनातल्या माणसाने त्यांच्या पाकिटातला नंबर शोधून घरी फोन केला. पत्नीने त्यांना दुसऱ्याच एका हॉस्पिटलात नेलं. चाचणीत एकोणीस गुण आले. नव्या औषधाचं विचारल्यावर तिथल्या डॉक्टरांनी खेदाने मान हलवली.

आठवड्याने सेन्सेईंच्या पत्नी, कुमागाई-बाई, लॅबमध्ये आल्या. लहानखुऱ्या, पांढरे केस नीट बांधलेले, हातात मिठाईचा खोका. एवढी वर्षं सेन्सेईंना सांभाळून घेतल्याबद्दल त्यांनी प्रत्येकासमोर वाकून आभार मानले. मग कश्मिराला म्हणाल्या, "दोन मिनिटं बाहेर याल?"

पॅसेजमध्ये कॉफीच्या मशीनपाशी दोघी उभ्या राहिल्या.

"मागच्या उन्हाळ्यात मीच त्यांच्या मागे लागले होते, तपासून घ्या म्हणून," बाई म्हणाल्या. "ते म्हणाले, रक्त दिलंय, साठे-सान बघतेय. थोड्या दिवसांनी मी पुन्हा विचारलं. तर म्हणाले, ती काही बोलली नाही म्हणजे ठीकच असणार. काही असतं तर ती लपवणारी नाही. मग मी गप्प बसले." त्यांनी कश्मिराकडे पाहिलं. "काय आलं होतं त्यात?"

"मी तपासलं नाही."

"का?"

त्सुचिया-सान, ग्रँट, बारा माणसं, सगळं कश्मिराच्या ओठांवर आलं. एवढ्याशा बाईसमोर त्यातलं एकही सांगण्यासारखं वाटेना. 

"तुम्हाला पहिल्यांदा कधी जाणवलं?"

"नोव्हेंबरात. या नव्हे, त्याच्या आदल्या."

बाईंनी बोटांवर महिने मोजले. "तेव्हा गुण बावीसच्या वर असते?"

"बहुतेक. सव्वीस-सत्तावीस असते."

"औषधानं बरे झाले नसते ना?"

"नाही. उतार जरा मंद झाला असता, इतकंच."

"जरा मंद," बाई म्हणाल्या. "मला तेवढंच हवं होतं."

त्या रडल्या नाहीत. पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली. मग म्हणाल्या, "दर गुरुवारी मला गुडघ्यासाठी दवाखान्यात जावं लागतं. डे सर्व्हिसच्या, म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणाऱ्या केंद्रात जायला ते तयार नाहीत. अनोळखी माणूस घरात आलं की घाबरतात. तुम्ही त्यांना चौदा महिने सांभाळलंत, कुणाला कळूसुद्धा दिलं नाहीत. गुरुवारी दोन तास याल का?"

आवाजात टोमणा असता तर बरं झालं असतं. तो नव्हता. बाईंना खरोखरच माणूस हवं होतं.

मार्चपासून कश्मिरा जाऊ लागली. पहिल्या गुरुवारी सेन्सेईंनी तिला कुठल्याशा जुन्या विद्यार्थ्याच्या नावाने हाक मारली. दुसऱ्या गुरुवारी ओळखलं. तिसऱ्या गुरुवारी ते संडासापर्यंत पोचले नाहीत. ओल्या पँटनिशी भिंतीला टेकून उभे राहिले आणि खाली मान घालून, अगदी सभेत बोलावं तशा भाषेत म्हणाले, "माझ्यामुळे आपल्याला अतिशय त्रास झाला, क्षमस्व." तिने त्यांचे कपडे बदलले, जमीन पुसली. तिच्या नावावर या आजारावरचे अकरा पेपर होते. ओली पँट काढताना माणसाच्या तोंडाकडे बघावं की बघू नये, हे त्यातल्या एकातही नव्हतं.

त्याच आठवड्यात तिने खालच्या कप्प्यातला तो नमुना काढून एकटीने तपासला. आकडा आजाराच्या रेषेच्या कितीतरी वर होता. बिननावाचा नमुना नियमाप्रमाणे ठेवता येत नाही. तिने तो फेकून दिला.

एप्रिलमध्ये त्सुचिया-सान लॅबप्रमुख झाले आणि कश्मिराला पाच वर्षांचं काँट्रॅक्ट मिळालं. नव्या प्रोजेक्टची साप्ताहिक मीटिंग गुरुवारी दुपारी ठरली. वार बदला, असं तिला म्हणता आलं असतं, पण ती म्हणाली नाही. येता येणार नाही, असा तिने बाईंना मेसेज केला. 'काही हरकत नाही, कामाकडे लक्ष द्या,' असं उत्तर आलं. पुढच्या गुरुवारी तिने पुन्हा मेसेज केला, पुन्हा तेच उत्तर. त्याच्या पुढच्या गुरुवारी तिने मेसेजच केला नाही. बाईंनीही विचारलं नाही.

रक्ताच्या तपासणीवरचा लॅबचा मोठा पेपर सप्टेंबरात आला. लेखकांच्या यादीत शेवटचं, म्हणजे प्रमुखाच्या मानाचं, नाव सेन्सेईंचं होतं. लॅबमध्ये केक कापला. सेन्सेईंना एक प्रत पाठवायची ठरलं. कुणी पाठवली की नाही, ते कश्मिराने विचारलं नाही.

ऑक्टोबरात टपालपेटीत एक कार्ड पडलं. छापील होतं, पत्ता बदलल्याचं. असल्या कार्डावर लोक समासात दोन ओळी हाताने लिहितात. या कार्डाचा समास कोरा होता. ते कार्ड तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने, शमाने, वर आणलं आणि जिन्यातच वाचून काढलं. कांजी, म्हणजे जपानी चित्रलिपी, तिला आईपेक्षा भराभर वाचता यायची.

"कुमागाई-ओजीचानचं आहे," शमा जपानीत म्हणाली. सेन्सेईंना ती ओजीचान, म्हणजे आजोबा, म्हणायची. "नागोयाला गेलेत. मुलीच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात. आई, आपण हिवाळ्याच्या सुट्टीत नागोयाला जाणार आहोत ना, बाबांच्या मित्राकडे? मग त्यांना भेटूया."

"नको," कश्मिरा मराठीत म्हणाली.

"का?"

"ते आजारी आहेत. त्यांना आता आपली ओळख पटायची नाही, शमा."

शमाने मान डोलावली आणि दप्तर काढायला आत गेली. कार्ड टेबलावर राहिलं. शेवटच्या गुरुवारी सेन्सेई दारापर्यंत सोडायला आले होते, चपला शोधून तिच्यासमोर ठेवल्या होत्या आणि म्हणाले होते, "साठे-सान, पुढच्या गुरुवारी लवकर ये."