पाठीवरची सात नावं

मी साबणाचा कागद आहे, मित्रांनो. जुना. गुलाबी कमळ, हिरवी किनार, मधोमध साबणाचं नाव. साबण केव्हाच विरघळला. मी तेवढा उरलो.

मी कारखान्याच्या पॅकिंगच्या खोलीत कामाला होतो. म्हणजे कामाला बायका होत्या, मी नुसता गठ्ठ्यात पडून असायचो. त्या अकरा जणी होत्या. चौघी कायम, सात जणी हंगामी. त्यांचे हात इतके भराभर चालायचे की एक कागद दुमडून होईपर्यंत दुसरा हातात आलेला असायचा. "अगं हळू, तुझ्या सासूचं तोंड बांधतेयस का?" असं कुणी म्हणालं की सगळ्या फिदीफिदी हसायच्या. साबण चोरीला जाऊ नये म्हणून खोलीला बाहेरून कडी असायची. तिचं कुणालाच काही वाटायचं नाही.

एके दुपारी आग लागली, तेव्हा अकराही जणी आत होत्या. कडी बाहेरूनच होती.

मी वाचलो, कारण तेव्हा मी मोजणीवाल्या बाईंच्या पिशवीत होतो. या बाई त्या अकरा जणींपैकी नव्हत्या. त्या गठ्ठे मोजायला बाहेर गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मॅनेजर म्हणाले, "चौघीच होत्या आत. हजेरीत बघा." हंगामी बायकांचं हजेरीचं पान रातोरात बदललं होतं. बाई घरी आल्या, मला पालथं घातलं आणि पेन्सिलीनं लिहायला लागल्या. सात नावं, एकाखाली एक. दाबून दाबून. सातव्या नावाला टोक मोडलं. चाकूनं टोक काढून त्यांनी ते नाव पुरं केलं.

पुढची चाळीस वर्षं मी पत्र्याच्या डब्यात काढली. मग बाई अंथरुणाला खिळल्या आणि सुनेनं डबा रद्दीत घातला. रद्दीवाल्याकडून मला नेलं छंदवाल्या काकांनी.

काकांना काड्यापेटीची चित्रं, जुनी तिकिटं, लेबलं असलं सगळं जमवायचा नाद. माणूस वाईट नाही. मला बघून त्यांचे डोळे चक्क भरून आले. "काय शाई आहे! असली छपाई आता होणे नाही." मग त्यांनी मला उलटं केलं. "छ्या! कुणीतरी गिरगटून ठेवलंय."

काकू भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "वाचा तरी आधी."

"काय वाचायचंय? धोब्याची यादी असेल. प्रदर्शनात डागाचे गुण कापतात."

खोडरबर फिरलं. मग मला किंचित दमट करून टीपकागदात घातलं आणि वरून कोमट इस्त्री. पेन्सिलीचे खळगेसुद्धा सपाट झाले. काकांनी फुंकर मारली आणि सात जणींचा चुरा टेबलावरून खाली गेला. सकाळी झाडू मारला गेला.

मला पहिलं बक्षीस मिळालं. काकांनी घरीच संग्रह मांडला, मला काचेखाली ठेवलं. शाळेच्या सहली यायच्या, सर कमळ दाखवायचे.

आणि मग ती आली. चाळिशी उलटलेली, शिवणकाम करणारी. आग लागली तेव्हा ती दोन वर्षांची होती. कारखान्याच्या फाटकावर आता मेलेल्यांच्या नावांची पाटी बसणार होती. पाटीवर चारच नावं. तिच्या आईचं नाव नव्हतं, कारण ते हजेरीत नव्हतं. मोजणीवाल्या बाईंनी मरण्याआधी तिला कागदाचं सांगितलं होतं. रद्दीवाल्याला विचारत विचारत ती इथवर पोचली होती.

"काका, मागची बाजू बघू द्या ना."

काकांनी मला काचेखालून काढलं. "कोरीच आहे, ताई. बघा."

तिनं बघितलं. उजेडात तिरकं धरून बघितलं. पाठीवरून बोटं फिरवली, सुईची सवय असलेली बोटं. काहीच लागलं नाही. मग तिनं पर्समधून पेन्सिल काढली, हलकेच घासून दाबलेली अक्षरं उमटतात का बघावं म्हणून.

"अहो, अहो! खराब होईल तो!"

तेव्हा काकू दारातून बोलल्या. "लिहिलेलं होतं, बाई. यांनीच खोडलं."

तिनं पेन्सिल खाली घेतली. मग तिनं विचारलं, "माझ्या आईचं नाव होतं का? एवढंच सांगा."

काकांना माझ्या छपाईचं साल पाठ होतं. कमळाच्या पाकळ्या किती, तेही. "मी वाचलंच नाही हो," ते म्हणाले.

"मग नावं होती, एवढं तरी लिहून द्या," काकू म्हणाल्या. "सही करा."

"न वाचलेल्यावर सही कशी करू?"

ती उठली. पेन्सिल पर्समध्ये ठेवली. चप्पल घालताना म्हणाली, "कागद मात्र छान जपलाय तुम्ही."

पाटी बसली. चार नावांची.

मित्रांनो, तुम्हीही काहीबाही जमवता ना? जमवा. पण एखादा कागद हातात आला की आधी उलटा करा. वाचा. अक्षर वाकडं असो, डाग असो, वाचा. खोडरबर नंतर.

मला विचाराल, तुला तरी आठवतात का ती नावं? मला फक्त पेन्सिल टोचल्याचं आठवतं. सात वेळा. नावं पाठीवर होती, आणि स्वतःची पाठ मला कधी दिसलीच नाही.