रडलेल्या डोळ्यांचा नंबर

"हे स्पष्ट, की हे?" आमच्या ह्यांनी भिंग बदललं.

"आधीचंच बरं होतं," खुर्चीतल्या मोठ्या बाई म्हणाल्या. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना दहा वर्षं झाली, तरी सगळ्यांसाठी त्या मोठ्या बाईच. आमच्या चष्म्याच्या दुकानात वर्षाकाठी एकदा येतात. डोळे तपासायची जड चौकट नाकावर सावरत त्यांनी विचारलं, "मुलाचं परवा कानावर आलं. एवढ्या तरुण वयात काय झालं हो?"

"हार्ट अटॅक," मी काउंटरवरून सांगून टाकलं. आठ महिन्यांत हे उत्तर इतकं पाठ झालं होतं, की जीभ अडखळत नसे. अशा वेळी हे मान खाली घालून काचा पुसत बसायचे. स्वभावच तसा, लग्नातसुद्धा फोटोग्राफरने सांगितलं तेव्हाच हसले होते.

आज त्यांनी भिंग खाली ठेवलं. "नाही बाई. त्यानं स्वतःच जीव दिला. मनाचा आजार होता. आम्हाला दिसत होता, पण होईल बरा म्हणून थांबलो."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. परक्या माणसासमोर पोराची लाज काढता, असं अगदी ओठांवर आलं. पण ह्यांच्याकडे पाहिलं आणि शब्द गिळले. तीस वर्षं ज्या माणसाला मी मुखदुर्बळ म्हणून हिणवलं, तो ताठ उभा होता. एवढं बळ ह्यांनी ठेवलं होतं कुठे? मला आदर वाटला, आणि खरं सांगायचं तर थोडी भीतीही वाटली.

बाईंनी मान ह्यांच्याकडे वळवली. मग म्हणाल्या, "माझा धाकटा भाऊ तसाच गेला. चाळीस वर्षं आम्ही न्यूमोनिया सांगतोय." चौकटीखालून पाणी ओघळलं.

ह्यांनी चौकट अलगद काढून घेतली. "रडलेल्या डोळ्यांचा नंबर चुकतो, बाई. परवा या."

बाई काही उठल्या नाहीत. भाऊ शीळ किती बेसूर घालायचा, बहिणींच्या वेण्या खुर्चीला कशा बांधून ठेवायचा, ते सांगत राहिल्या. मध्येच हसल्यासुद्धा. मग माझ्याकडे वळल्या.

"तुमचा कसा होता हो?"

कसा गेला, ते सगळ्यांनी विचारून झालं होतं. हे कुणीच विचारलं नव्हतं. मी काउंटरमागून बाहेर आले आणि त्यांच्याजवळ स्टूल ओढलं.

"पायाळू जन्मला होता," मी म्हणाले. "तिथपासूनच सांगते."